टेकडीच्या रस्त्यावरचा खोडवा

मंजुळाबाई मला पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी. मार्गशीर्षातली सकाळ होती, साडेसहा वाजून गेले होते. अंबाजोगाईत सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे तीन गट आहेत. एक योगेश्वरीच्या देवळाला वळसा घालून चहाच्या टपरीवर थांबतो. दुसरा हत्तीखान्यात जातो आणि तिथल्या दगडी हत्तींसमोर हातपाय हलवतो. तिसरा आमचा. आम्ही पाण्याच्या जुन्या टाकीपासून टेकडीच्या कडेपर्यंत सावकाश जातो, दरीकडे तोंड करून जरा वेळ उभे राहतो आणि परत येतो. निवृत्त माणसांना एवढं पुरतं.

त्या दिवशी टाकीच्या नळाखाली हातगाडीवरचं निळं पिंप भरून वाहत होतं. पाणी रस्त्यावरून माझ्या चपलेपर्यंत आलं होतं. ज्या बाईने नळ सोडला होता ती रस्त्याच्या पलीकडे, कठड्याशी, कमरेवर हात ठेवून दरीत बघत उभी होती. हिरवं लुगडं, त्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट.

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवल्यावर, वाया जाणारं पाणी आणि खिडकीबाहेर बघत बसलेलं मूल या दोन गोष्टींपुढे मला गप्प राहता येत नाही.

"अहो, नळ! सगळं पाणी चाललंय."

ती पळत आली, नळ बंद केला, पण ओशाळली नाही. उलट मलाच म्हणाली, "बाई, ते बघितलं का?"

"काय?"

"धुकं."

दरी धुक्याने भरली होती. घाटाखालची गावं दिसत नव्हती, चिंचांचे दोन-तीन शेंडे तेवढे वर होते.

"धुकंच आहे. या दिवसांत रोज असतं."

"रोज?" तिने पुन्हा दरीकडे पाहिलं. "तिकडं उसाच्या फडात लई बघितलं. पर आपल्याकडं बी पडतं व्हय? मला वाटायचं ते तिकडलंच हाय."

ती थट्टा करते आहे असं मला वाटलं. ज्या दरीत ती बघत होती त्याच दरीत, त्या धुक्याच्या तळाशी, तिचं सासर होतं. तिथे तिने संसार केला, दोन लेकरं वाढवली. आणि पन्नाशीला आलेली ही बाई तिथलं धुकं पहिल्यांदा बघत होती.

थट्टा नव्हती. मंजुळाबाईचं माहेर दिंद्रुडजवळ. सोळाव्या वर्षी लग्न होऊन घाटाखाली आली आणि त्याच वर्षी दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे उत्तरेश्वरबरोबर, ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसली. टोळी परत यायची ती चैत्रात, कधी त्याच्याही नंतर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशी एकतीस वर्षं गेली. आपलं गाव तिला उन्हाळ्यात ठाऊक होतं आणि पावसाळ्यात ठाऊक होतं. हिवाळा तिने कायम परक्या मुलखात, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे खोपटात, काढला. घरच्या ज्वारीचा हुरडा नाही, येळवस नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे सगळं घर शेतात जाऊन पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी जेवतं. लग्न झाल्यापासून तिने येळवस पाहिलीच नव्हती.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उत्तरेश्वर तापाने गेला तेव्हा मंजुळाबाई अर्धा कोयता झाली. हे टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या तोंडचे शब्द आहेत, माझे नाहीत. दोन हंगाम ती दिराच्या जोडीबरोबर अर्धा कोयता म्हणून गेली. मग अंबाजोगाईत रिक्षा चालवणारा तिचा भाऊ सोमेश्वर तिला वर घेऊन आला. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या हिरवाई मंडळाला झाडांना पाणी घालायला माणूस हवं होतं.

मंडळ म्हणजे आम्ही पंधरा-सोळा जण. टेकडीच्या रस्त्याला चौसष्ट झाडं लावली होती, प्रत्येक झाड कुणाच्या तरी गेलेल्या माणसाच्या नावाने. झाडासमोर पत्र्याची पाटी, पाटीवर नाव. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखितीला, पितरांना पाणी देण्याच्या दिवशी, ज्याने त्याने मातीच्या घागरीत पाणी आणून आपल्या माणसाच्या झाडाला घालायचं, असा आमचा प्रघात. अध्यक्ष विजयसिंह. त्यांची दीडशे एकर जमीन आहे, पंचायत समितीत त्यांनी दोनदा काम केलं आहे, आणि आवाज असा की माइक दिला तर मागे सारतात. त्यांच्या आईच्या, बायनाबाईंच्या नावाने केशर आंब्याचं कलम होतं. रस्त्यावरचं ते एकच कलम.

मंजुळाबाईला वाचता येत नव्हतं. कामावर आठवडा झाल्यावर तिने मला थांबवलं.

"बाई, ह्या पाट्यांवर काय लिवलंय ते वाचून दावता का? पाणी घालती, पर कुणाला घालती ते ठावं न्हाई."

रोज सोळा अशा चार सकाळींत मी तिला चौसष्ट पाट्या वाचून दाखवल्या. पाचव्या दिवशी तिने सगळी नावं वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत न अडखळता म्हणून दाखवली. माझ्या वर्गात एवढी हुशार मुलं फार आली नाहीत. तेव्हापासून तिच्या लेखी ती झाडं राहिलीच नाहीत. "बायनाबाईला मुंग्या लागल्यात." "राधाकिशनराव कलले, आधार द्यावा लागंल."

राधाकिशनराव म्हणजे त्रिंबकरावांचे वडील. त्रिंबकराव कृषी खात्यातून निवृत्त झालेले, विजयसिंहांचे शाळेपासूनचे सोबती आणि मंडळातले हक्काचे टवाळ. एकदा ती त्यांना म्हणाली, "साहेब, तुमच्या वडलांना काल शेळीनं खाल्लं."

"कितपत खाल्लं?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"शेंडा गेला."

"जाऊ दे. जिवंत होते तेव्हाही शेंडा जरा जास्तच होता."

माझ्या आईची, चंद्रभागाबाईंची, बकुळ होती. तिच्याबद्दल मंजुळाबाईची एकच तक्रार. "तुमची आई लई हळू वाढती बाई."

"हळूच होती ती," मी म्हणायची.

त्या हिवाळ्यात रोज सकाळी टाकीपाशी ती मला काहीतरी सांगायची. मी या गावात सगळं आयुष्य काढलेलं, पण तिने सांगितल्यावर मी नव्याने बघायला लागले. टाकीच्या लोखंडी शिडीवर एक खंड्या येऊन बसतो आणि गळतीच्या डबक्याकडे टक लावून बघतो, आता त्यात मासा कुठला. कडुनिंब पानं टाकतात तेव्हा खालच्या अंगाचे आधी टाकतात, वरचे मागून. पळसाला पान उरत नाही तेव्हा फूल येतं. सुट्टीच्या दिवशी ती हत्तीखाना बघून आली. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "हत्ती उन्हात गरम व्हत्यात बाई. पाठ टेकून बसले, कंबर मोकळी झाली."

येळवशीला ती घाटाखाली गेली. मुलगा आदिनाथ आणि सून सुनिता तोडीला गेलेली, घराला कुलूप. शेजाऱ्यांच्या शेतात जाऊन जेवली.

"कोण कोण होतं?"

"सगळी म्हातारी आन् मी." मग म्हणाली, "भज्जी लई चांगली झालती."

असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, होळीच्या आठवडाभर आधी, खालच्या कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं. दुपारचा वारा होता. आग उतारावरून वर चढली आणि रस्त्याचा खालचा निम्म्याहून जास्त भाग भाजून निघाला. अग्निशामक गाडी आली तोवर एक्केचाळीस रोपं होरपळली होती. छातीएवढी वाढलेली रोपं, पानं तपकिरी होऊन तशीच लटकलेली, सालं काळी. बायनाबाईंचा आंबा त्यात होता, राधाकिशनरावांचा करंज होता, माझ्या आईची बकुळ होती.

आठवडाभर मंजुळाबाई त्यांना तसंच पाणी घालत राहिली. मग एका सकाळी तिने मला विचारलं, "बाई, ह्यांचं काय करायचं?"

मी त्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला निघाले होते. गाडी दारात उभी राहणार होती. मी म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर. मी आले की बघू."

चौथ्या दिवशी माझ्या मुलीने मंडळाच्या ग्रुपवर आलेला फोटो मला फोनवर मोठा करून दाखवला. एका डोळ्याने मी तो पाहिला. रस्त्याच्या कडेला एक्केचाळीस पाट्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि पाट्यांच्या मागे काही नव्हतं. त्याखाली विजयसिंहांचा आवाजी निरोप होता. "हे कुणी केलं?"

मी परत आले तेव्हा डोळ्यावर काळा चष्मा होता. सोमेश्वरची रिक्षा घेऊन थेट टेकडीवर गेले. प्रत्येक रोप जमिनीलगत, किंबहुना जमिनीच्या बोटभर खाली, तिरकं छाटलेलं. एकाच घावात. छाटलेल्या जागा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. कापलेली लाकडं गवताच्या वळलेल्या दोरीने बांधून त्यांच्या मोळ्या रस्त्याच्या कडेला रचलेल्या, जशा फडात रचतात. आणि मंजुळाबाई टाकीकडून पाण्याची गाडी ढकलत येत होती.

"अगं, हे काय केलंस तू?"

"खोडवा धरला बाई."

"काय?"

"खोडवा. ऊस तोडला की बुडखा जमिनीत ऱ्हातो ना? त्यालाच परत फुटवे येत्यात. दुसऱ्या वर्सी नवं बेणं लावायलाच लागत न्हाई. कोण कोण पाचट पेटवून देतंय फडात, काळं काळं करून टाकतंय सगळं. तरी बी येतंय. फकस्त बुडातून तोडलं पायजे. वर धसकट ठिवलं की फुटवा वरच्या डोळ्याला येतो आन् मरतो." ती माझ्या चष्म्याकडे बघून थांबली. "नखानं सोलून बघितलं व्हतं मी. वर समदं जळालेलं. बुडाशी ओल हाय."

"अगं पण हा ऊस आहे का?"

तिला हा प्रश्न पडलाच नव्हता, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तेहतीस वर्षं एकाच पिकाशी संबंध आलेला. मीही तिच्यावर रागावले होते, हे लपवत नाही. आईच्या पाटीमागे ती छाटलेली जागा बघून माझा आवाज चढला होता.

संध्याकाळी टाकीखाली मंडळ जमलं. विजयसिंह बसले नाहीत, येरझाऱ्या घालत राहिले.

"माझ्या आईचं झाड. एक बाजू हिरवी होती त्याची अजून. मी स्वतः बघितलं होतं. विचारलं होतंस का कुणाला?"

मंजुळाबाई मान खाली घालून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी म्हटलं, योग्य वाटेल ते कर."

"बाई, तुम्ही मधे पडू नका."

"मी मधेच आहे, विजयसिंह. मी सांगितलं म्हणून तिने केलं."

"तुम्ही पाणी घाल म्हणाला असाल, कोयता घाल म्हणाला नसाल! आखिती चाळीस दिवसांवर आली. लोक घागरी घेऊन येणार. कशाला पाणी घालायचं त्यांनी? पाटीला?"

"तू गप बे जरा," त्रिंबकराव म्हणाले. ते खाली बसून एका खुंटावर बोट फिरवत होते. "घाव तर चांगला मारलाय. मला नोकरीत तीस वर्षांत असा मारता आला नाही. करंज फुटेल. लिंब फुटेल. बाकीच्यांचं सांगता येत नाही."

बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: अक्षय्य तृतीयेपर्यंत मंजुळाबाईने पाणी घालावं. फुटलं तर बघू. नाही फुटलं तर मंडळ दुसरं माणूस बघेल.

या ठरावात तिच्यासाठी काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. अक्षय्य तृतीयेनंतर त्यांच्या गावात मुकादम यायचा, येत्या हंगामाच्या जोड्या ठरवायला. दिराने निरोप धाडला होता, वरचं काम सुटलं असेल तर सांग, अर्धा कोयता धरतो.

"आदिनाथ काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो काय म्हणणार? आई, तुला झाडं तोडायला ठिवलंय का जगवायला, म्हणून हसतोय." तिने पिंपाला झाकण लावलं. "मला कष्टाचं काय न्हाई बाई. पर हिवाळा आता हितंच काढायचा व्हता. दोनच बघितले की."

मग सुरू झालं खुंटांना पाणी घालणं. तिने सोमेश्वरच्या घरून जुनी पोती आणून त्यांचे तुकडे केले. प्रत्येक खुंटावर ओला तुकडा, त्यावर मूठभर वाळलं गवत. सकाळी पाणी, उन्हं उतरल्यावर पुन्हा पाणी. फिरायला येणाऱ्यांना चांगली करमणूक झाली. "मंजुळाबाई, खताची गोणी आणू का?" "अहो, त्यांना ऊन लागतंय, छत्री धरा!" ती त्यांना हसून उत्तर द्यायची, "आना की. तुमच्याच हातानं धरा."

चैत्र कडक निघाला. दरीतलं सगळं गवत पांढरं पडलं, खंड्या टाकी सोडून कुठेतरी गेला. मी रोज जायची आणि रोज पोत्याचा एक तुकडा उचलून बघायची. तिने मला रागावलं. "सारखं उघडून बघू नका बाई. लाजत्यात."

एकोणिसाव्या दिवशी ती टाकीपाशी नव्हती. खाली राधाकिशनरावांपाशी उकिडवी बसली होती. मला लांबूनच हात केला, पण हाक मारली नाही. करंजाच्या खुंटाच्या कडेला, मातीला टेकून, तांदळाच्या दाण्याएवढे चार हिरवे ठिपके होते. नवीन डोळ्यामुळे मला ते स्वच्छ दिसले.

त्रिंबकरावांना फोन लावला. ते म्हणाले, "बाप आला का परत? बरं झालं. घरातल्या घड्याळाची चावी कुठं ठेवली तेवढं विचारा."

त्यानंतर रोज एकदोन नावं वाढत गेली. कडुनिंब एकामागून एक आले. बहावा आला, कांचन आले, चिंचा आल्या. ती मला वरपासून नावं सांगायची आणि ज्याचं आलं त्याच्यावर जरा जोर द्यायची. बकुळ काही येत नव्हती. बायनाबाईंचा आंबाही नव्हता येत. विजयसिंह त्या दिवसांत टेकडीकडे फिरकले नाहीत. ते देवळाकडच्या गटात जायला लागले होते.

आंबा आला छत्तिसाव्या दिवशी. तांबूस, चकचकीत, तीन फुटवे. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यावरच टाळी वाजवली. मंजुळाबाई वाकली, एक कोवळं पान तिने तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं. पुन्हा एकदा धरलं. मग पान टाकून दिलं आणि गाडी ढकलायला लागली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई बाई. आला."

त्यापुढचे पाच-सहा दिवस ती फारसं बोलली नाही. मला वाटलं, उन्हाने थकली असेल.

अक्षय्य तृतीयेला सकाळी सात वाजताच लोक आले. घागरी, फुलं, एखादा आंबा, पुरणाचा नैवेद्य. एक्केचाळीसपैकी तीस फुटले होते. हातभर, वीतभर, कुणी बोटभर. ज्यांचे नव्हते फुटले त्यांना मंजुळाबाई स्वतः जाऊन सांगत होती, "अजून ओल हाय. पाणी घाला." मी बकुळीच्या खुंटाला पाणी घातलं.

विजयसिंह आले ते पत्नी सत्यशीलाताईंना घेऊन. ताईंच्या कडेवर नवी घागर. आंब्याचे फुटवे आता वीतभर झाले होते, उन्हात तांब्यासारखे दिसत होते. ते बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. ते मंजुळाबाईकडे वळले आणि म्हणाले, "आली बरं का आई. तुझं खरं झालं."

तिथेच सगळं संपलं असतं. तिचं काम राहिलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं.

"दादासाहेब," ती म्हणाली, "ह्यो केशर न्हाई."

"काय?"

"ह्यो गावरान हाय. पानाचा वास गावरानाचा हाय. तुमी कलम लावलं व्हतं. मी बुडातून तोडलं." तिने हाताने दाखवलं, जमिनीपासून वीतभर. "कलमाची गाठ हितं वर व्हती. ती गेली. खाली गावरान व्हता, त्योच फुटलाय. उसाला कलमाची गाठ नसती दादा. मला ठावं नव्हतं."

सत्यशीलाताईंनी घागर कडेवरून खाली ठेवली. त्रिंबकराव वाकले, पान चुरगळून हुंगलं आणि मान डोलावली.

विजयसिंहांचा आवाज या वेळी चढला नाही. "कशाला सांगितलंस? मला काय कळणार होतं?"

"धा वर्सांनी आंबा लागला की कळलं असतं."

"दहा वर्षांनी कोण बघायला आलंय!"

"मी रोज पाणी घालती ना तिला," मंजुळाबाई म्हणाली. "रोज तोंड बघावं लागतंय."

त्रिंबकराव म्हणाले, "बायनाकाकू गावरानच चोखायच्या की रे. विहिरीवरच्या झाडाचा. केशरला म्हणायच्या, नुसता रंग."

"तू गप बे."

मग विजयसिंहांनी घागर उचलली आणि त्या तांबूस फुटव्यांच्या बुडाशी सगळं पाणी सावकाश ओतलं. ओतून झाल्यावर पाटीवरची धूळ रुमालाने पुसली. मागे न वळता म्हणाले, "श्रावणात ह्याच्यावर केशरचं कलम बांधायचं. त्रिंबक दाखवील. बांधायचं मात्र तू, मंजुळाबाई."

"मला येत न्हाई दादा."

"शिक."

"आन् जमलं का न्हाई ते दिवाळीबिगर कळायचं न्हाई."

"मग दिवाळीपर्यंत कुठं जाऊ नकोस," विजयसिंह म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.

ट्रक दसऱ्यानंतर निघतात. तिने मनात हिशेब केला असणार, कारण तिने पदर तोंडाला लावला आणि रिकाम्या घागरी गोळा करायला लागली.

त्या श्रावणात त्रिंबकरावांनी तिला कलम बांधायला शिकवलं. पाचर कशी काढायची, काडी कशी बसवायची, पट्टी किती आवळायची. ते सांगतात, कोयता धरलेला हात लहान चाकूवरही आधी कोयत्याएवढाच जोर लावतो. पहिलं कलम दिवाळीआधीच वाळलं. तिने ते विजयसिंहांना घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या श्रावणात परत बांध. दुसरं लागलं. कलमाच्या खाली गावरानाची एक फांदी तिने राहू दिली आहे. ती छाटायला हवी, कलमाचा जोर खाते, हे तिला आता ठाऊक आहे आणि विजयसिंहांनाही. दोघंही त्या फांदीबद्दल बोलत नाहीत.

बकुळ आली नाही. पावसाळा संपेपर्यंत मंजुळाबाईने तिच्यावरचं पोतं काढलं नव्हतं. मग एका सकाळी तिनेच मला सांगितलं, "बाई, तुमची आई गेली." मी म्हटलं, ठाऊक आहे. आम्ही तिथे दुसरी बकुळ लावली. पाटी तीच आहे. ही पण हळूच वाढते आहे.

मंजुळाबाई आता त्रेपन्न वर्षांची आहे आणि भावाच्या घराशेजारी तिने एक खोली घेतली आहे. टेकडीच्या रस्त्यावर सध्या सत्तर झाडं आहेत. त्यांतली सहा तिने बांधलेली कलमं आहेत. हा तिचा घरचा चौथा हिवाळा. परवाच्या येळवशीला ती घाटाखाली गेली होती, म्हणून त्या दिवशी झाडांना पाणी मी घातलं.